जादा तास: दंड म्हणून आले, पगार होऊन बसले

नोटीस बोर्डावर शनिवारच्या ओव्हरटाइमची यादी लागली की तिच्यापाशी दोन प्रकारची माणसं जमतात. यादीत नाव नाही म्हणून चिडलेली, आणि नाव आहे म्हणून चिडलेली. दोघांच्या रागाचं मूळ एकाच ठिकाणी सापडतं. जादा कामाचा जादा दर कायद्यात शिरला तेव्हा तो मालकाला बसणारा भुर्दंड होता. पुढे कामगाराने तो पगारात धरला, मालकाने खर्चात धरला आणि भुर्दंडाचा धाक गेला. मग ‘किती’च्या जोडीला ‘कोणाला’ हा प्रश्न आला, आणि तो कायद्याने नव्हे, मालक आणि युनियन यांच्यातल्या करारांनी सोडवायचा होता.

एकोणिसाव्या शतकातली मागणी जादा पैशाची नव्हती, कमी तासांची होती. १ मे १८८६ रोजी शिकागोत आणि अमेरिकेच्या इतर शहरांत कामगार रस्त्यावर उतरले ते आठ तासांच्या दिवसासाठी. आठ तासांनंतर दीडपट द्या, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. दीडपटीची कल्पना कायद्यात कशी आली, याचं चांगलं उदाहरण ओरेगन राज्याचा १९१३चा कायदा. कारखान्यात दिवसाला दहा तास काम, वर फार तर तीन तास, आणि त्या तिनांना दीडपट मजुरी. एका पीठगिरणीत माणसाला तेरा तास राबवून जादा दर दिला नाही, म्हणून खटला झाला. बचाव असा होता की तासांचं नाव पुढे करून राज्य खरं तर मजुरीच ठरवतंय. १९१७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव नाकारला. दीडपट हा दंडासारखा आहे, ओझं वाटावं आणि मालकाने हात आखडावा यासाठीच तो लावलाय, असा निकालाचा सूर होता. आज कोणत्याही पगारपत्रकाकडे पाहून हे खरं वाटणार नाही.

त्याच सुमारास रेल्वेसाठी केलेल्या १९१६च्या अ‍ॅडमसन कायद्याने आठ तासांचा दिवस मान्य केला, पण पुढच्या तासांना किमान साध्या दरानेच पैसे द्यायची सोय केली. कामगारांना तास नकोत, पैसेच हवेत, असं म्हणायला टीकाकारांना आयतीच जागा मिळाली. १९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने आपल्या पहिल्याच करारात दिवसाला आठ, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास आणि जादा कामाला किमान सव्वापट दर लिहिला.

मोठं वळण महामंदीचं. लाखो माणसं बेकार असताना ज्यांना काम होतं ते जास्त तास करत होते, म्हणून असलेलं काम वाटून द्यावं हा विचार पुढे आला. १९३८च्या अमेरिकी फेअर लेबर स्टँडर्ड्स अ‍ॅक्टने आठवड्याची मर्यादा आधी ४४, मग ४२, आणि २४ ऑक्टोबर १९४० पासून ४० तासांवर आणली. पुढच्या प्रत्येक तासाला ‘नेहमीच्या दरा’च्या दीडपट. गंमत म्हणजे प्रौढ कामगाराकडून कमाल किती तास काम घ्यावं, याला या कायद्यात मर्यादाच नाही. जादा काम कोणाला द्यायचं आणि ते कोणाला नाकारता येईल, यावरही तो गप्प आहे.

‘नेहमीचा दर’ हे शब्द साधे दिसतात, पण त्यांनीच सगळ्यात मोठा घोळ घातला. न्यूयॉर्कच्या गोदीत युनियनचा करार होता. सोमवार ते शुक्रवार दिवसा आणि शनिवारी सकाळी साधा दर, बाकी घड्याळातला कोणताही तास ‘ओव्हरटाइम’, म्हणजे दीडपट. पण जो गोदी कामगार रात्रीच काम करायचा, त्याला आठवड्याच्या पहिल्या तासापासून दीडपटच मिळायची. मग त्याचा नेहमीचा दर कोणता? साधा दर १ डॉलर धरा. रात्रीचे ५० तास भरले तर कराराप्रमाणे ७५ डॉलर. कामगारांनी दावा केला की आमचा खरा दर दीड डॉलर आहे, तेव्हा चाळीसच्या पुढच्या दहा तासांना त्यावर आणखी निम्मा, म्हणजे तासाला पाऊण डॉलर द्या. एकूण साडेब्याऐंशी. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने कामगारांच्या बाजूने कौल दिला. कराराने ओव्हरटाइम असं नाव दिलं, तरी प्रत्यक्षात तो अवेळी कामाचा भत्ता होता, हा त्याचा अर्थ. ‘ओव्हरटाइमवर ओव्हरटाइम’ या शब्दांनी मालकांची झोप उडाली, आणि १९४९ साली अमेरिकी संसदेने कायदा बदलून अशा करारांतली जादा रक्कम कायदेशीर ओव्हरटाइमपोटी वळती करायला वाट दिली. माझ्या मते करारांची भाषा इतकी किचकट झाली त्याला या प्रकरणाचा मोठा हातभार आहे. एकच तास दिवसाच्या हिशेबातही जादा आणि आठवड्याच्या हिशेबातही जादा म्हणून दोनदा मोजायचा नाही, हे कलम आज जवळपास प्रत्येक करारात असतं.

काही नोकऱ्यांत तर ओव्हरटाइम वेळापत्रकातच शिवलेला असतो. चोवीस तास ड्यूटी आणि अठ्ठेचाळीस तास सुट्टी, या चक्रावरचा अग्निशामक २८ दिवसांत सरासरी २२४ तास भरतो. अमेरिकी नियमांत त्यांच्यासाठी उंबरठा २१२ तासांचा, त्यापुढचे तास ओव्हरटाइम. १९८५च्या एका निकालानंतर स्थानिक संस्थांनाही हा कायदा लागू झाला आणि दर २८ दिवसांना हे बारा तास पगारात येऊ लागले. कोणी मुद्दाम जादा काम केलं म्हणून नव्हे, चक्रच तसं आहे म्हणून. कायदा रजेचे तास मोजत नाही, त्यामुळे एक दिवस रजा घेतली की ते बारा तास उडतात. म्हणून अनेक युनियन रजाही कामात धरण्याचं कलम करारात घालून घेतात.

धाक का गेला? दुसऱ्या महायुद्धानंतर विमा आणि पेन्शन या गोष्टी करारांत आल्या, आणि त्यांतला मालकाचा वाटा नेहमीच्या दरात धरला जात नाही, त्यामुळे दीडपटीत तो वाढत नाही. नवा माणूस घेतला की हा सगळा खर्च नव्याने सुरू, वर शिकवणं आलं. जुन्यालाच दीडपट देणं बरेचदा स्वस्त पडतं. इकडे कामगाराच्या घराचा हप्ताही त्या दीडपटीवर बेतलेला. दोघांनाही सोयीचा झालेला दंड मग दंड राहत नाही.

आता प्रश्न जादा काम कोणाला मिळावं याचा. जुनी रीत होती मुकादमाच्या मर्जीची, म्हणजे जवळच्याला शनिवार आणि तोंडाळाला घर. ती मोडायला करारांनी दोन रस्ते काढले. एक सेवाज्येष्ठतेचा: जुन्याला आधी विचारा, कोणीच तयार नसेल तर सगळ्यात नव्याला थांबवा. दुसरा समान वाटपाचा: प्रत्येकाच्या नावापुढे तास लिहायचे आणि ज्याचे कमी त्याला आधी विचारायचं. यातली खोच अशी की नकार दिला तरी ते तास त्याच्या खात्यावर चढतात, नाहीतर सतत नाही म्हणणारा कायम यादीत सगळ्यात वर राहील. नव्याला शून्यावर न ठेवता गटाच्या सरासरीवर आणतात. हातातलं काम अर्धवट असेल तर यादी बाजूला ठेवून त्याच माणसाने ते पुरं करायचं. एखाद्याला वगळलंच, तर भरपाई पैशांत द्यायची की पुढची संधी द्यायची, यावर लवाद आजही दोन्ही बाजूंनी निवाडे देतात. पुढची संधी फुकट नसते, ती दुसऱ्या कोणाच्या वाट्यातून येते. त्यामुळे मला पैशांची भरपाई जास्त न्याय्य वाटते.

नाही म्हणण्याचा हक्क उशिरा आला. डेट्रॉइटच्या मोटार कामगारांनी १९७३ साली क्रायस्लरबरोबरच्या करारात सक्तीच्या ओव्हरटाइमला मर्यादा घालून घेतली. भारतात १९४८च्या कारखाने कायद्याने दर दुप्पट ठेवला आणि तिमाहीला तासांची मर्यादाही घातली. कामगाराच्या संमतीची अट २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत आली.

ब्रिटनने उलटा प्रयोगही केला. फॉली इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात १९६० साली एस्सोने भरघोस पगारवाढ देऊन ओव्हरटाइम विकतच घेतला, म्हणजे तास कमी करा आणि काम अडवणाऱ्या जुन्या रीती सोडा. पण इतरत्र जादा तास चालूच राहिले, आणि २०१४ नंतर तिथल्या न्यायाधिकरणांपुढे प्रश्न आला तो भरपगारी रजेचा. रजेच्या दिवसांचा पगार काढताना नेहमीचा ओव्हरटाइम धरायचा का? डडली नगर परिषदेचे दुरुस्ती कामगार चार-पाच आठवड्यांतून एकदा राखीव ड्यूटीला थांबायचे, तेही स्वेच्छेने. त्यांच्या करारात ते बंधनकारक नव्हतं. २०१७ साली अपील न्यायाधिकरणाने सांगितलं की ठरावीक काळाने येत राहणारा तो पैसा त्यांचा नेहमीचाच पगार आहे, आणि रजेवर असतानाही तो द्यावा लागेल.