दुरुस्तीचा फ्लॅट की रिडेव्हलपमेंटचा फ्लॅट?

कोथरूड, मुलुंड, डोंबिवली, विलेपार्ले. १९७५ ते १९९० च्या दरम्यान बांधलेल्या तीन-चार मजली इमारतीतला फ्लॅट बघायला गेलात की एजंट दोन वाक्यं हमखास बोलतो. एक, "थोडं इंटिरियर करून घ्या, घर नवंकोरं होईल." दुसरं, "बिल्डिंग आज ना उद्या रिडेव्हलपमेंटला जाणारच आहे." दोन्ही वाक्यं एका दमात येतात आणि दोन्हींचा भार एकाच किमतीवर पडतो. पण ती दोन्ही एकाच वेळी तुमच्या उपयोगाची नसतात. इमारत तीन वर्षांत पडणार असेल तर आज बसवलेल्या टाइल्स मलब्यात जातील. ती आणखी वीस वर्षं उभी राहणार असेल तर पुनर्विकासाच्या आशेपोटी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. विकणारा दोन्ही डगरींवर हात ठेवतो, कारण त्याला त्याची मुभा आहे. घेणाऱ्याला मात्र आपण यातलं नक्की काय विकत घेतोय ते ठरवावं लागतं.

आधी दुरुस्तीचा फ्लॅट पाहू. म्हणजे राहण्यासाठी घ्यायचा, मोडतोड करून घ्यायचा. इथेही एक घोटाळा हटकून होतो: घर जुनं दिसणं आणि इमारत जुनी होणं यात लोक गल्लत करतात. कडाप्प्याचा ओटा, मोझॅकची फरशी, निळ्या टाइल्सचं न्हाणीघर, उघड्यावरून गेलेली वायर हे पाहून नाक मुरडलं जातं आणि घासाघीसही त्यावरच होते. वास्तविक ही सगळी मोजता येणारी कामं. वायरिंग आणि डीबी (विजेचा मुख्य बोर्ड) बदलणं, गंजलेले जीआय (लोखंडी) पाइप काढून सीपीव्हीसी (प्लास्टिकचे) टाकणं, संडास-बाथरूमचा कोबा उखडून नव्याने वॉटरप्रूफिंग करणं, खिडक्या, ओटा, रंग. कंत्राटदार घर पाहून आकडा सांगतो, दुसरा त्याहून थोडा वेगळा सांगतो, आणि गणित सुटतं. (मोझॅक तर मी काढूच देत नाही. चाळीस वर्षांची फरशी पॉलिश केली की जी झळाळी येते ती व्हिट्रिफाइडला येत नाही, आणि फोडाफोडीचा खर्चही वाचतो.)

इमारत जुनी होणं ही निराळी गोष्ट. काँक्रीटच्या आतल्या सळईपर्यंत पाणी आणि हवा पोचली की ती गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, त्यामुळे वरचं काँक्रीट आतून ढकललं जातं आणि पोपडे सुटतात. मुंबईत समुद्राच्या खाऱ्या हवेने हे लवकर होतं, पुण्यात सावकाश, पण होतं. फ्लॅट पाहताना दिवाणखाना दोन मिनिटांत उरका आणि या जागा नीट बघा: बाथरूमचं छत, बाल्कनीच्या स्लॅबची खालची बाजू, जिन्याखालची तुळई, पार्किंगमधले खांब जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत. सळईच्या रेषेत सरळ उभी किंवा आडवी भेग गेली असेल तर ती प्लास्टरची नसण्याचीच शक्यता जास्त. प्लास्टरच्या भेगा कोळ्याच्या जाळ्यासारख्या वेड्यावाकड्या असतात. नाणं घेऊन स्लॅबवर ठोकून पाहा, पोकळ आवाज आला की आत थर सुटलाय. आणि नुकताच रंग दिलेला, पीओपीचं छत केलेला फ्लॅट दिसला तर जास्त सावध व्हा. मला डागाळलेलं छत परवडतं, ते निदान खरं तरी बोलतं.

याचं उत्तर नाण्याने मिळत नाही अर्थात, त्यासाठी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरकडून इमारतीच्या मजबुतीची तपासणी, आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. अहवाल मागा. मुंबईत इमारतीची वर्गवारी असते: सी-१ म्हणजे धोकादायक, रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती किंवा काही भाग पाडणं, सी-२बी म्हणजे रहिवासी राहत असतानाच संरचनात्मक दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ कामं. सी-२बी असेल तर घाबरायचं कारण नाही, फक्त तो खर्च किमतीतून वजा करायचा. अहवालच नाही असं सेक्रेटरी म्हणाले तर तेही एक उत्तरच आहे. त्याच बैठकीत सिंकिंग फंडात (मोठ्या दुरुस्तीसाठी सोसायटीने साठवलेल्या पैशांत) किती शिल्लक आहे ते विचारा. उपविधी त्यासाठी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के सांगतात, पण १९८४ सालच्या बांधकाम खर्चावर ०.२५ टक्के म्हणजे आज खांबांचं जॅकेटिंग (भोवती काँक्रीटचा नवा थर) करायला निघाल्यावर हाती फारसं काही लागत नाही. उरलेलं सभासदांकडून वर्गणी काढून जमवायचं, आणि तोपर्यंत सभासद तुम्ही झालेले असता.

आता रिडेव्हलपमेंटचा फ्लॅट. इथे तुम्ही घर घेतच नाही, नव्या इमारतीत जागा मिळण्याचा हक्क घेता. म्हणून पाहायच्या गोष्टी पार बदलतात. राहणाऱ्याला तिसरा मजला बिनलिफ्टचा नको असतो. इथे सहसा तळमजला आणि तिसरा मजला सारखाच, कारण नवीन जागा जुन्या कार्पेट क्षेत्रावर ठरते. आतलं इंटिरियर शून्य. घराची दशा शून्य. उरतात फक्त तीन-चार प्रश्न, पण ते अवघड आहेत.

पहिला, प्लॉटवर आता किती बांधलंय? एफएसआय म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधायला परवानगी आहे ते प्रमाण; एक एफएसआय वापरून थांबलेल्या तीन मजली इमारतीत बिल्डरला वाव असतो. नव्वदच्या दशकात टीडीआर (दुसऱ्या जमिनीवरचा विकत आणलेला बांधकाम हक्क) चढवून बांधलेल्या सात मजली इमारतीत कमी असतो, आणि तिथले लोकही शेजारच्या तीन मजलीचा भाव ऐकून स्वप्नं बघत असतात. दुसरा, समोरचा रस्ता किती रुंद? नऊ मीटरपेक्षा अरुंद गल्ली असेल तर जादा एफएसआय आणि टीडीआरला मोठी आडकाठी येते. विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला भागात विमानतळाच्या उंचीच्या मर्यादेमुळे कागदावरचा एफएसआय बांधताच येत नाही असंही होतं. तिसरा, जमीन कुणाच्या नावावर? १९६३ च्या मोफा (फ्लॅट मालकी) कायद्याने बिल्डरने सोसायटीला कन्व्हेयन्स करून द्यायला, म्हणजे जमीन तिच्या नावावर करायला हवी होती. असंख्य इमारतींत ते झालंच नाही, आणि म्हणूनच २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची (बिल्डरच्या सहीवाचून कन्व्हेयन्स मिळवण्याची) तरतूद आणावी लागली. प्रॉपर्टी कार्डावर अजून जुन्या मालकाचंच नाव असेल तर आधी ते काम, मग पुनर्विकास. पुण्यात आणखी एक गंमत: कितीतरी इमारती सोसायटी नसतातच, १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली असतात. तिथे शेअर सर्टिफिकेट मागून मिळणार नाही. डीड ऑफ अपार्टमेंट मागायचं, त्यात जमिनीतला तुमचा अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो.

आणि शेवटचा प्रश्न, प्रकरण कुठवर आलंय? "चर्चा चालू आहे" याला मी किंमत देत नाही. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालच्या २०१९ च्या शासन निर्णयानुसार एक क्रम आहे: सर्वसाधारण सभेचा ठराव, पीएमसीची (प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराची) नेमणूक, व्यवहार्यता अहवाल, निविदा, मग ५१ टक्के सभासदांच्या संमतीने विकासकाची निवड, आणि त्यानंतर विकास करारनामा. नोंदलेल्या करारनाम्यापर्यंत गाडी आली असेल तर किंमत धरा, त्याआधी बाजारात तुरी. एखादा बिल्डर दोनदा सभेला येऊन चहा पिऊन गेला, एवढ्यावर भाव वीस टक्के चढलेले असतात.

आकड्यांत उतरू. आकडे मानीव आहेत, तुमच्या गल्लीतले घालून बघा. समजा पुण्यात १९८४ ची इमारत, ६०० चौ. फूट कार्पेट, हात न लावलेला फ्लॅट. तशाच वयाच्या शेजारच्या इमारतीतला नीट करून घेतलेला फ्लॅट ७२ लाखांना गेला. चौरस फुटाला १,८०० रुपये धरले तर दुरुस्ती १०.८० लाख. त्यावर दहा टक्के "फोडल्यावर कळलं" खातं, १.०८ लाख. काम चालू असताना चार महिने दुसरीकडे भाडं, एक लाख. सोसायटीची दुरुस्ती ४० लाखांची आणि फ्लॅट बारा, म्हणून तुमच्या वाट्याला ३.३३ लाख. ७२ मधून हे गेलं की साधारण ५५.८० लाख उरतात. राहण्याची किंमत ही. यातून स्वतःच्या डोकेदुखीचे पैसे आणखी वजा करावेत या मताचा मी आहे, कारण काम झालेला फ्लॅट आणि कामाचा फ्लॅट यांत फरक फक्त खर्चाएवढाच असेल तर काम कोण अंगावर घेईल?

तोच फ्लॅट दुसऱ्या बाजूने. पंचवीस टक्के जादा जागा मिळून ७५० चौ. फूट, नव्या इमारतीचा दर १४,००० धरला तर १.०५ कोटी. हा आकडा एजंट लगेच सांगतो. तो आज मिळत नाही हे सांगत नाही. वर्षाला नऊ टक्के धरून आजच्या पैशांत आणला तर चावी पाच वर्षांनी मिळाल्यास ६८ लाख, आठ वर्षांनी मिळाल्यास ५३ लाख. इमारत पडेपर्यंत तिथे राहता येईल किंवा भाडं येईल, ते वेगळं धरा. तरी खरी गोम वर्षांत आहे, चौरस फुटांत नाही. तीन वर्षं लांबलं की पंधरा लाख उडाले, आणि लांबवायला एक न्यायालयीन दावा पुरतो.

यावर विकणारा ७५ मागतो तेव्हा तो केलेल्या फ्लॅटची किंमत आणि पुनर्विकासाची आशा एकत्र मागत असतो, आणि दुरुस्तीचा खर्च मात्र तुमच्यावर टाकत असतो.

सरकार बांधकाम आणि जमीन ही दोन अंगं कशी वेगळी करतं ते मुंबईतल्या दस्ताला जोडलेल्या मूल्यांकन पत्रकात दिसतं. वार्षिक मूल्यदरातून (रेडी रेकनरच्या सरकारी दरातून) खुल्या जमिनीचा दर वजा करायचा, उरलेल्याला इमारतीच्या वयाप्रमाणे घसारा लावायचा, मग जमिनीचा दर परत मिळवायचा. म्हणजे बांधकाम झिजतं, जमीन झिजत नाही. मुद्रांक शुल्कापुरतं हे ठीक. बाजारभाव म्हणून तो आकडा कुणी मानत नाही. बँकेचा व्हॅल्युअर आणखी तिसरंच बघतो, इमारतीचं उरलेलं आयुष्य. ते कर्जाच्या मुदतीला पुरत नसेल तर मुदत किंवा रक्कम घटते, आणि "ऐंशी टक्के कर्ज होईल" या हिशोबाने इसार दिलेला माणूस अडकतो. म्हणून बँकेला आधी विचारा, इसार नंतर.

क्षेत्रफळाचं भांडण दोन्हीकडे आहे, पण वजन वेगळं. जुन्या करारात बिल्टअप लिहिलेलं असतं. राहणाऱ्याने टेप लावून आतलं माप घ्यावं आणि विषय संपवावा. पुनर्विकासासाठी घेणाऱ्याला मात्र मंजूर नकाशा लागतो. बंद करून खोलीत घेतलेली बाल्कनी नकाशात कशी दाखवली आहे यावर नव्या घरातली एक बेडरूम लहान-मोठी होऊ शकते.

इसारपावती करताना दोन ओळी वाढवून घ्याव्यात. सोसायटीने विक्रीआधी ठराव केलेल्या दुरुस्तीची वर्गणी कोण भरणार, आणि विकास करारनामा झालेला असेल तर बिल्डर देणार असलेला कॉर्पस (एकरकमी पैसे) व बांधकाम चालू असतानाचं भाडं कोणत्या तारखेपासून घेणाऱ्याचं. सोसायटीला द्यायच्या हस्तांतरण अधिमूल्याचं (ट्रान्सफर प्रीमियमचं) म्हणाल तर महापालिका हद्दीत कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे; त्यावर "बिल्डिंग फंडाला ऐच्छिक देणगी" मागितली गेली तर ती खरंच ऐच्छिक आहे का, एवढं लेखी विचारावं.