भीमेची चंद्रभागा कुठे होते?

पंढरपूरच्या वाळवंटात उभं राहून कुणी ‘भीमेत अंघोळ केली’ असं म्हणत नाही. तिथे ती चंद्रभागाच. पाटबंधारे खात्याच्या कागदावर आणि नकाशावर मात्र उगमापासून शेवटपर्यंत एकच नाव आहे, भीमा.

ही नदी पुणे जिल्ह्यात भीमाशंकरला उगम पावते. कोकणात उतरणारा कडा तिथून अगदी जवळ, तरीही पाणी पश्चिमेकडे न वळता आग्नेयेला निघतं आणि पुणे, अहिल्यानगर, सोलापूर करत कर्नाटकात शिरतं. सुमारे ८६१ किलोमीटरचा प्रवास करून रायचूरजवळ ते कृष्णेला मिळतं. त्रिपुरासुराशी लढून दमलेल्या शंकराच्या घामातून ती वाहू लागली, अशी कथा उगमापाशी सांगतात.

जुनं नाव भीमरथी. ते नुसतं पुराणांतलं नाही. चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीच्या ऐहोळे शिलालेखात, म्हणजे इ.स. ६३४ च्या सुमारास, भीमरथीच्या उत्तरेचा मुलूख जिंकायला आलेल्या शत्रूंचा उल्लेख आहे. म्हणजे तेव्हाही ही नदी ओलांडणं ही राजकारणातली मोठी गोष्ट होती. पुढे १२४९ च्या यादवकालीन ताम्रपटात ‘पौंडरीक क्षेत्र’, म्हणजे पंढरपूर, येतं, तेही भीमरथीच्याच काठी.

संतांच्या अभंगांत हीच नदी भिवरा होते. संस्कृतातल्या ‘म’चा मराठीत ‘व’ होतो. ग्रामचं गाव झालं, नामचं नाव झालं. भीमेची भिवराही त्याच वळणाने आलेली दिसते. मला हे नाव सगळ्यांत जवळचं वाटतं, कारण ते बोलणाऱ्यांच्या तोंडात घडलेलं आहे.

आणि चंद्रभागा? पंढरपूरला नदी चंद्रकोरीसारखी वळते, त्यावरून हे नाव पडलं असं मानतात. वळणावर एका बाजूला घाटांच्या पायऱ्या, समोर पसरलेली वाळू आणि पात्रातच पुंडलिकाचं मंदिर. पूर आला की या मंदिराला चारी बाजूंनी पाणी वेढतं. हे नाव मुळात उत्तरेतलं. चंद्रा आणि भागा मिळून होणाऱ्या चिनाबचं जुनं नावही चंद्रभागाच. पण मराठी माणसाला चंद्रभागा म्हटलं की पंजाब नाही आठवत, पंढरी आठवते.

या वळणापर्यंत येणारं पाणी कुणाकुणाचं आहे, ते पाहण्यासारखं आहे. देहू-आळंदीची इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. पुण्याची मुळा-मुठा त्याखाली येते. सासवडची कऱ्हा आधी नीरेत जाते आणि नीरा नरसिंहपूरला नीरा भीमेत. म्हणजे तुकोबा, ज्ञानोबा आणि सोपानदेव यांच्या गावांतलं पाणी पालख्यांसारखंच पंढरीला पोचतं.

१९८० साली उजनी धरण पूर्ण झालं आणि नदीचं वागणं बदललं. इंदापूर तालुक्यात पळसदेवचं जुनं मंदिर जलाशयात गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की त्याचं शिखर आधी वर दिसतं. पंढरपूरचा पूरही आता उजनीच्या आणि नीरेवरच्या वीर धरणाच्या विसर्गावर ठरतो. आषाढीच्या आधी पात्र कोरडं असेल तर स्नानासाठी उजनीतून पाणी सोडतात. धरणाच्या दारातून भीमा म्हणून निघालेलं ते पाणी पंढरपूरच्या घाटाला लागतं, तेव्हा वारकरी चंद्रभागा म्हणूनच ते ओंजळीत घेतो.