युद्धकाळातील अप्रीतीचे खटले व अपिले (कोल्हापूर परिसर)

सरकारविषयी अप्रीती (म्हणजे राजद्रोह) पसरवल्याबद्दल युद्धाच्या काळात झालेल्या शिक्षांना वरच्या कोर्टांत दिलेली आव्हाने. ब्रिटिश हिंदुस्थानात हा गुन्हा १८७० साली दंड संहितेत १२४अ कलमाने आला. दुसऱ्या महायुद्धात त्याच आशयाची तरतूद भारत संरक्षण नियमांतील नियम ३४ मध्ये घालण्यात आली.

कोल्हापूर संस्थान असल्यामुळे इथे पहिला प्रश्न हद्दीचा. निपाणी बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे मुंबई इलाख्यात. वीसेक किलोमीटरवरचे कागल करवीर म्हणजे कोल्हापूर राज्यात. निपाणीच्या सभेतील भाषणावरचा खटला मुंबई हायकोर्टात जाई आणि १९३५च्या भारत सरकार कायद्याच्या अर्थाचा महत्त्वाचा मुद्दा असल्याचा दाखला हायकोर्टाने दिला, तर दिल्लीच्या फेडरल कोर्टातही. कागलच्या भाषणावरच्या अपिलाची वाट संस्थानातच संपे. लंडनचे प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे साम्राज्याचे शेवटचे अपील कोर्ट, हेही त्याला बंद. एकाच बोलीत, एकाच मागणीसाठी बोललेल्या दोघांना दाद मागण्याचा हक्क असा असमान मिळावा, हा त्या व्यवस्थेतला उघड अन्याय होता. उलट संस्थानिकांच्या संरक्षणासाठी ब्रिटिश मुलुखात १९२२चा खास कायदा होता. त्यामुळे हद्दीपलीकडे जाऊन दरबाराविरुद्ध छापणारालाही धोका असेच.

पहिल्या महायुद्धातील मोठा दाखला लोकमान्य टिळकांचा. बेळगाव आणि अहमदनगर येथील १९१६च्या स्वराज्यविषयक भाषणांवरून पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने त्यांच्याकडून २०,००० रुपयांचा जातमुचलका (चांगल्या वर्तनाची लेखी हमी) आणि प्रत्येकी १०,००० रुपयांचे दोन जामीन मागितले. ही रीतसर शिक्षा नव्हती, पण तोंड बंद करण्यास पुरेशी होती. मुंबई हायकोर्टात बॅ. जिना यांनी बाजू मांडली आणि न्या. बॅचलर व न्या. शहा यांनी ९ नोव्हेंबर १९१६ रोजी हुकूम रद्द केला. सुटी वाक्ये न वेचता भाषण समग्र वाचावे, ही बॅचलर यांची भूमिका होती. भाषणे मराठीत, त्यांची टिपणे पोलिसांची आणि कोर्टापुढे इंग्रजी भाषांतर, अशा खटल्यांत तिचे मोल फार.

दुसऱ्या महायुद्धात बंगालचे निहारेंदु दत्त मजुमदार यांचे अपील फेडरल कोर्टाने १९४२ मध्ये मान्य केले. सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर यांनी सांगितले की सार्वजनिक अव्यवस्था किंवा तिची रास्त शक्यता हाच या गुन्ह्याचा गाभा. नुसती कडक टीका पुरेशी नाही. पुढे मुंबई प्रांतातील पत्रकांचा सदाशिव नारायण भालेराव खटला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला. तिथे १९४७ मध्ये ग्वायर यांचा अर्थ चुकीचा ठरवण्यात आला. तोवर युद्ध संपले होते.

अपिलाची सोय असूनही अनेकांनी ती वापरली नाही. १९४०-४१च्या वैयक्तिक सत्याग्रहात कायदा उघड मोडून तुरुंगात जायचे, बचाव करायचा नाही, अशीच रीत होती. त्यामुळे अपिलांच्या नोंदींवरून शिक्षांचा अंदाज बांधणे फसवे ठरते.

कोल्हापुरात १९३९ पासून माधवराव बागल व रत्नाप्पा कुंभार यांच्या प्रजा परिषदेची चळवळ चालू होती. १३ डिसेंबर १९४२ रोजी गारगोटीच्या कचेरीवर झालेला हल्ला आणि त्यात पडलेले हुतात्मे लोकांच्या स्मरणात आहेत. त्या प्रकरणाची अप्रीतीच्या खटल्यांशी गल्लत करू नये: ती सशस्त्र कृती होती, आणि इथे विषय भाषण व पत्रकांचा आहे. संस्थानच्या हद्दीत लेखणीवर आधीही बडगा आला होता. ‘विश्ववृत्त’ मासिकातील लेखासाठी संपादक विष्णु गोविंद विजापूरकर यांना तीन वर्षांची शिक्षा झाली, पण तो काळ युद्धापूर्वीचा.

१ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि कोल्हापूरची अपिले मुंबई हायकोर्टाकडे जाऊ लागली. सर्वोच्च न्यायालयाने १९६२च्या केदारनाथ सिंह निकालात १२४अ कायम ठेवले, पण अर्थ लावताना ग्वायर यांचीच बाजू उचलली. मे २०२२ मध्ये या कलमाचा वापर स्थगित झाला. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्याच्या जागी १५२वे कलम आहे. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच भरते.