टपालात वस्तू हरवली तर भरपाई कशी मागावी
(आमच्याकडे पार्सल बांधून घेणाऱ्या आणि आमच्यामार्फत पोस्टात देणाऱ्या ग्राहकांसाठी)

पार्सल पोचले नाही की ग्राहकाचा पहिला प्रश्न असतो, "भरपाई मिळेल ना?" खरे सांगायचे तर याचे उत्तर बरेचसे आधीच ठरलेले असते. कोणत्या सेवेने पाठवले, किंमत किती दाखवली, पावती जपली का, यावर ते ठरते. म्हणून हे पत्रक वस्तू हरवायच्या आधीच वाचून ठेवा.

पाठवताना

साधे पत्र किंवा साधे पाकीट हरवले तर सहसा काहीच मिळत नाही, कारण ते वाटेत कुठे होते याची नोंदच नसते. रजिस्टर टपाल आणि पार्सल यांना मर्यादित भरपाई असते. विमा उतरवला असेल तर जाहीर केलेल्या मूल्यापर्यंत मिळते, पण वस्तूच्या खऱ्या किमतीपेक्षा जास्त नाही. हौसेने फुगवून मूल्य लिहिले तर उलट संपूर्ण दावाच अडचणीत येतो.

परदेशी टपालाचे नियम 1874 साली बर्न येथे स्थापन झालेल्या जागतिक टपाल संघटनेने ठरवलेले आहेत. भरपाईची मर्यादा तेथे कोणत्याही एका देशाच्या चलनात मोजत नाहीत. त्यासाठी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे एसडीआर हे हिशेबाचे एकक वापरतात. बिनविम्याच्या पार्सलसाठी रूढ गणित पार्सलमागे 40 एसडीआर आणि वर किलोमागे साडेचार एसडीआर असे आहे. म्हणजे दोन किलोच्या पार्सलची कमाल मर्यादा 49 एसडीआर. आत महागडा कॅमेरा असो की जुनी पुस्तके, वजन तेच तर मर्यादाही तीच. म्हणून मौल्यवान वस्तू बिनविम्याची पाठवू नका, हे आम्ही काउंटरवर पुन्हा पुन्हा सांगतो.

सीमाशुल्काच्या फॉर्मकडे विशेष लक्ष द्या. सीएन 22 किंवा सीएन 23 या फॉर्मवर वस्तूची किंमत लिहावी लागते. घेणाऱ्याला कर कमी पडावा म्हणून अनेकजण ती किंमत मुद्दाम कमी लिहायला सांगतात. त्यांचा हेतू आम्हाला कळतो, पण आम्ही तसे लिहीत नाही आणि तुम्हीही लिहू नका. वस्तू हरवल्यावर मोठ्या रकमेचे बिल जोडले, की टपाल खाते आधी तुमच्याच सहीचा फॉर्म पुढे करते. तिथे वाद घालायला जागा उरत नाही.

पावती हातात पडताच तिचा फोटो काढा. हल्लीच्या पावत्यांचा कागद उष्णतेवर छापणारा असतो आणि काही महिन्यांत अक्षरे पुसट होतात. पावतीवरचे वजन नीट वाचा. समजा नोंद 1.840 किलोची आहे आणि पोचताना पार्सल 1.310 किलोचे भरले, तर आतले काही वाटेत काढले गेले असे दाखवणारा तो भक्कम पुरावा असतो. पार्सल बंद करण्याआधी आतल्या वस्तूंचा आणि बंद केल्यावर बाहेरून असे दोन फोटो घ्या. पाठवणाऱ्याचा पत्ता आतही एका चिठ्ठीवर घाला. वरचे लेबल फाटले तरी पार्सल परत येऊ शकते.

हरवल्यासारखे वाटले तर

आधी नंबर तपासा. परदेशी टपालाचा नंबर तेरा चिन्हांचा असतो. पहिली दोन अक्षरे सेवेची, मध्ये नऊ आकडे, शेवटची दोन अक्षरे पाठवणाऱ्या देशाची. आरने सुरू होणारा नंबर रजिस्टरचा, सीने पार्सलचा, व्हीने विम्याच्या टपालाचा, ईने स्पीड पोस्टसारख्या जलद सेवेचा. नऊ आकड्यांतला शेवटचा हा आधीच्या आठांवरून काढलेला तपासणी अंक असतो. 123456785 हा क्रम बरोबर ठरतो, पण शेवटचे दोन आकडे उलटून 123456758 टाकले तर संगणक नंबर अवैध म्हणतो. 'अवैध' आणि 'हरवले' यात फार फरक आहे. घाबरण्याआधी पावती पाहून एकेक आकडा जुळवा.

'पोचले' अशी नोंद आहे आणि हातात काही नाही, असे झाले तर घरातल्यांना, शेजाऱ्यांना, कार्यालयात आवक पाहणाऱ्यांना विचारा. मग टपाल खात्याकडे पोच मागा. पार्सल कोणी घेतले, सही कोणाची, हे त्यातून कळते. नुसता उशीर म्हणजे हरवणे नव्हे. पण वाट पाहत बसू नका, कारण मुदत चालूच असते.

परदेशी टपालासाठी चौकशीचा अर्ज टपाल स्वीकारल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत द्यावा लागतो. देशांतर्गत टपालाची आणि जलद सेवांची मुदत वेगळी असते, बहुधा कमी. आमचा सल्ला एकच: शंका आली त्याच आठवड्यात चौकशी लावा. सीएन 08 हा चौकशीचा फॉर्म आम्ही भरून देतो.

हक्क कोणाचा, यावर खूप गोंधळ होतो. वस्तू पोचलीच नाही तर भरपाई मागण्याचा पहिला हक्क पाठवणाऱ्याचा. घेणाऱ्याला ती हवी असेल तर पाठवणाऱ्याने आपला हक्क लेखी सोडून द्यावा लागतो. पार्सल फुटलेल्या किंवा उचकटलेल्या स्थितीत हाती आले, तर हक्क घेणाऱ्याकडे जातो. त्याने ते घेतानाच कर्मचाऱ्याकडून नोंद करून घ्यावी. खोका, आतला भुसा, टेप, काहीही फेकू नये. दोष वाहतुकीचा की बांधणीचा, हे त्यावरूनच ठरते.

दाव्याला बिल जोडा. हाताने विणलेली, शिवलेली, रंगवलेली वस्तू असेल तर साहित्याच्या खरेदीची बिले आणि तशाच वस्तूच्या पूर्वीच्या विक्रीची पावती चालू शकते. आजीच्या शालीची आठवण कोणत्याही रकमेत बसत नाही, आणि भरपाईही त्या आठवणीची नसते. पाठवण्याच्या वेळी आणि ठिकाणी तशा वस्तूची जी किंमत होती, तेवढीच धरतात. बुडालेली ऑर्डर, हुकलेला मुहूर्त, गेलेला नफा यांचे काही मिळत नाही. सीमाशुल्क विभागाने जप्त केलेल्या, टपालात पाठवायला बंदी असलेल्या किंवा कच्च्या बांधणीमुळे फुटलेल्या वस्तूंचेही नाही.

परदेशी पार्सल पूर्णपणे हरवले असे ठरले तर भरपाईसोबत टपालखर्चही परत मिळतो, विम्याचा आकार मात्र नाही. हे दाव्यात स्वतंत्र लिहायला विसरू नका.

दावा नाकारला गेला तर कारण लेखी मागा आणि आमच्याकडे घेऊन या. कारण एका ओळीचे असते, पण फेरअर्जात नेमके काय जोडायचे ते त्यावरूनच कळते.

भरपाई मिळाल्यावर परदेशी पार्सल सापडले, असेही घडते. मग टपाल खाते तुम्हाला कळवते आणि तीन महिने ते तुमच्यासाठी राखून ठेवते. घेतलेली रक्कम परत केली की वस्तू तुमची.