बारा वर्षांची वहिवाट आणि सीमाभागातली शेतं

सुगी झाली की बेळगावजवळच्या खानापूरकडच्या गावांतून पुण्या-मुंबईला गेलेल्या मालकांच्या घरी भाताचं पोतं पोचतं. पावती नाही, कागद नाही. "तुम्ही येईपर्यंत बघतो," म्हणून भावकीतल्या नाहीतर शेजारच्या कुणी हाती घेतलेलं ते शेत असतं. एक पिढी सरते, पोतं यायचं थांबतं, आणि पुढे मालकाच्या नातवाला ऐकावं लागतं, "बारा वर्षांच्या वर आम्ही कसतोय, जमीन आमची."

ही बारा वर्षं जुनी आहेत. १८५९ च्या मुदत कायद्यात, म्हणजे दावा किती काळात लावायचा हे ठरवणाऱ्या कायद्यात, स्थावर मिळकतीच्या दाव्याला तेवढीच मुदत होती. १९०८ च्या कायद्याने मालकावर मोठंच ओझं टाकलं. ताबा गेलेल्या मालकाला, गेल्या बारा वर्षांत आपला ताबा होता हेही शाबीत करावं लागे. परगावी राहणाऱ्याला ते कसं जमावं? १९६३ च्या कायद्याने हे पारडं फिरवलं. मालकाने मालकी दाखवायची, प्रतिकूल ताबा, म्हणजे मालकाच्या हक्काविरुद्ध बारा वर्षं उघडपणे चालवलेला ताबा, सिद्ध करायची जबाबदारी कब्जेदाराची. सरकारी जमिनीची मुदतही ६० वर्षांवरून ३० वर आली.

तोवर बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यात गेलं होतं. १ नोव्हेंबर १९५६ नंतर महसुली कारभार हळूहळू कन्नडमध्ये गेला. आजोबांची फेरफाराची नोंद मोडीत किंवा मराठीत, नातवाच्या हातातला उतारा कन्नडमध्ये, अशी कित्येक घरांची स्थिती आहे. त्या उताऱ्याच्या ९ नंबरच्या रकान्यात मालकाचं नाव असतं, १२ नंबरच्या रकान्यात कसणाऱ्याचं. बहुतेक जण पहिला रकाना बघून निश्चिंत होतात. माझ्या मते खरा धोका दुसऱ्यात आहे, कारण उलट पुरावा येईपर्यंत महसुली नोंद खरी धरली जाते. अर्थात नुसत्या नोंदीने कुणी मालक होत नाही.

कागद का केला नाही, याचं उत्तर कर्नाटकच्या कूळकायद्यात सापडतं. १९७४ च्या दुरुस्तीने १ मार्च १९७४ पासून कुळांकडच्या जमिनी सरकारकडे आल्या आणि कुळांना हक्क मिळाले. ते न्याय्यच होतं. पण त्यापुढे शेत खंडाने द्यायला, सैनिकांसारखे अपवाद सोडले, तर बंदी आली. मग लोक तोंडी वाट्यावर शेत देऊ लागले. परवानगीने दिल्याचा पुरावा तिथेच हरवला. परवानगीचा ताबा कितीही वर्षांचा असला तरी प्रतिकूल ठरत नाही, आणि मालकाचा सगळ्यात मोठा आधार तोच. भावकीत तर सहहिस्सेदाराचा हक्क उघडपणे नाकारल्याशिवाय मुदत सुरूच होत नाही.

न्यायालयांची भूमिकाही कडक होत गेली. विजापूरच्या जुन्या वास्तूंवरच्या २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ताबा कोणत्या तारखेपासून, कसा, मालकाला ठाऊक होता का, किती काळ चालला आणि उघड व बिनतक्रार होता का, हे सगळं कब्जेदाराने दाखवायला हवं. २००८ मध्ये त्याच न्यायालयाने या कायद्याला अतार्किक म्हटलं आणि केंद्राला फेरविचार सुचवला. २०१९ मध्ये मात्र, मुदत पूर्ण झालेल्या कब्जेदाराला स्वतः दावाही लावता येतो, असा निकाल आला. २०२३ मध्ये विधी आयोगाने कायदा आहे तसाच ठेवावा म्हटलं.

म्हणजे बारा वर्षं आजही तीच आहेत. मालकाने पाठवलेल्या नुसत्या नोटिशीने ती थांबत नाहीत. त्यासाठी मुदतीत दावा लावावा लागतो, नाहीतर कब्जेदाराकडून मालकी मान्य केल्याचं लिहून घ्यावं लागतं.