मिळकतीत कायदेशीर भाडेकरू असेल, तर ताब्याची दरखास्त कशी द्यावी?

हुकूमनामा (दाव्याच्या निकालाचा कोर्टाचा आदेश) झाला, ताब्याचं वॉरंट निघालं, बेलिफ म्हणजे कोर्टाचा बजावणी करणारा माणूस दारात गेला आणि गाळ्यातल्या माणसाने भाडेपावत्या पुढे केल्या. 'प्रत्यक्ष ताबा देता आला नाही' असा शेरा मारून वॉरंट परत. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या जुन्या पेठांमध्ये हे नेहमीचं. वाद भावाभावांचा, पण खालच्या गाळ्यात वडिलांच्या वेळचा भाडेकरू, आणि दाव्यात त्याला कोणी पक्षकारच केलेलं नसतं.

चूक बहुतेक वेळा दरखास्तीच्या, म्हणजे हुकूमनामा अमलात आणण्यासाठी कोर्टात द्यायच्या अर्जाच्या, मागणीतच असते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21 मधला नियम 35 प्रत्यक्ष ताब्याचा आहे. हुकूमनामा ज्याच्यावर बंधनकारक आहे, त्यालाच त्याखाली बाहेर काढता येतं. आत हक्काने बसलेला आणि हुकूमनाम्याने न बांधलेला भाडेकरू असेल, तर नियम 36 खाली सांकेतिक ताबा मागायचा. वॉरंटची प्रत मिळकतीवर ठळक जागी चिकटवायची आणि दवंडी पिटून किंवा तिथल्या रिवाजाप्रमाणे हुकूमनाम्याचा मजकूर भाडेकरूला जाहीर करायचा. लोक याला 'कागदी ताबा' म्हणून नाक मुरडतात. पण हरलेल्या पक्षकारापुरता तो खराच ताबा असतो, आणि पुढचं भाडं मागायला आधारही तोच.

बेलिफच्या अहवालात प्रत चिकटवल्याचं आणि जाहीर केल्याचं, दोन्ही लिहिलेलं आहे ना, हे पंचांच्या सह्यांसकट तिथेच वाचून घ्या. नुसतं 'ताबा दिला' एवढंच लिहिलं असेल, तर पुढे त्यावरच हरकत येते.

हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल, वकीलपत्र, प्रोसेस फी हे नेहमीचंच. हुकूमनाम्याला दोन वर्षं उलटली असतील, तर आधी प्रतिवादीला नोटीस निघते. खरा घोळ मिळकतीच्या वर्णनात असतो: हुकूमनाम्यात नगरपालिकेचा घर नंबर, मिळकत पत्रिकेवर सिटी सर्व्हे नंबर, आणि चतुःसीमेत कधीच जागा विकून गेलेला शेजारी. बेलिफने मग ओळखायचं कशावरून? लेखनदोष असेल तर संहितेच्या कलम 152 खाली आधी दुरुस्ती करून घ्या.

भाडेकरार तर कोणाकडेच नसतो. भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ती जबाबदारीही घरमालकाची. तो नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणून घरपट्टीच्या उताऱ्यातला भोगवटादाराचा रकाना आणि जुन्या पावत्या आधी पाहा. भाडेकरू कधी आला हेही तपासा. दावा चालू असताना प्रतिवादीने कोणाला आणून बसवलं असेल, तर आदेश 21 च्याच नियम 102 मुळे त्याला अडथळा करायचा हक्क नाही.

मुदतीच्या बाबतीत मात्र फार जण फसतात. दरखास्तीला 12 वर्षं असतात हे खरं, पण कोर्टाच्या लिलावात मिळकत घेतलेल्याला ताबा मागायला विक्री कायम झाल्यापासून फक्त 1 वर्ष. ताब्याच्या वेळी कोणी अडवलं, तर नियम 97 खालच्या अर्जाला 30 दिवस, आणि तेही अडवल्याच्या दिवसापासून. पुढची तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली म्हणून थांबू नका. तारीख देताना तुमची मुदत कोणी मोजत नाही.

सांकेतिक ताब्यानंतर भाडेकरूला लेखी कळवा की यापुढे भाडं तुम्हाला द्यायचं. जागा रिकामीच हवी असेल, तर त्याच्याविरुद्ध भाडे कायद्याखाली स्वतंत्र दावा करावा लागतो. थकबाकीचं कारण असेल तर मागणीच्या नोटिशीनंतर 90 दिवस जावे लागतात. कुलूप लावणं, वीज तोडणं असले उद्योग करू नका, दादा. जिंकलेला माणूस त्यात आरोपी होतो.

शेतजमिनीचं वेगळं. तिथे समोरचा कूळ असल्याचा मुद्दा निघाला, तर तो दिवाणी कोर्ट ठरवत नाही, तहसीलदाराकडे जातो. आणि सारा लागू असलेल्या जमिनीच्या वाटपाचा हुकूमनामा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडून अमलात येतो, बेलिफकडून नाही.