खाणीत नोकरी हवी असेल तर आधी दाखला, मग अर्ज: मुंबईतल्या उमेदवारांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि नेहमी होणाऱ्या चुका

खाणीतली नोकरी शोधताना मुंबईतली बरीच मुलं उलट्या क्रमाने जातात. आधी बायोडेटा बनवून दिसेल त्या पत्त्यावर पाठवतात. मग जाहिरात नीट वाचतात. तेव्हा कळतं की त्या पदाला लागणारा दाखलाच आपल्याकडे नाही, आणि तो मिळवायचा तर वर्षभर तरी प्रत्यक्ष खाणीत उभं राहावं लागणार आहे. तोवर अर्जाची मुदत गेलेली असते. कॉल सेंटर किंवा गोदामातल्या नोकरीसाठी "आधी रुजू व्हा, कागद नंतर आणा" हे चालून जातं. खाणीत चालत नाही, कारण तिथली कितीतरी पदं कायद्याने बांधलेली आहेत. सुरुंग उडवणारा, पाळीवर देखरेख करणारा, माणसांना खाली-वर नेणारं वाइंडिंग इंजिन चालवणारा, खाणीचे नकाशे करणारा सर्व्हेयर, यांच्याकडे खाण सुरक्षा महासंचालनालयाचं सक्षमता प्रमाणपत्र लागतं. या कार्यालयाचं मुख्यालय धनबादला आहे आणि खाणीतली माणसं त्याला डीजीएमएस म्हणूनच ओळखतात. ते प्रमाणपत्र नसेल तर कंपनीच्या मनात असूनही ती तुम्हाला त्या पदावर बसवू शकत नाही.

आधी खनिज ठरवा

महाराष्ट्रातल्या खाणकामाचं केंद्र नागपूर. कोल इंडियाची उपकंपनी असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स तिथली. तिच्या खाणी नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ आणि मध्य प्रदेशाच्या लगतच्या भागात आहेत. मॅंगनीज काढणारी मॉइलही नागपूरचीच. तिचं काम नागपूर, भंडारा आणि बालाघाट जिल्ह्यांत चालतं. चंद्रपुरात सिमेंट कारखान्यांच्या चुनखडीच्या खाणी, गडचिरोलीत सुरजागडचं लोहखनिज, कोल्हापूरकडे बॉक्साइट. हिंदाल्को, वेदांत, अल्ट्राटेक यांची मोठी कार्यालयं मुंबईत आहेत, म्हणून मुलं वरळी-अंधेरीला जाऊन बायोडेटा देऊन येतात. त्याने फारसं काही होत नाही. कामगार आणि देखरेखीच्या पातळीवरची भरती बहुतेक वेळा त्या-त्या खाणीच्या गरजेनुसार निघते, त्यामुळे कंपनीच्या संकेतस्थळावरचं करिअरचं पान आणि त्या जिल्ह्यातली वर्तमानपत्रं पाहावी लागतात.

खनिज आधी ठरवायचं ते एवढ्याचसाठी की कोळसा आणि धातूच्या खाणींची नियमावली वेगळी आहे. कोळशाला २०१७ चे कोल माइन्स रेग्युलेशन्स, इतर खनिजांना १९६१ चे मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्स. देखरेखीची पदंही वेगळी: कोळशात सरदार आणि त्याच्या वरचा ओव्हरमन असतात, धातूच्या खाणीत मेट, त्याच्या वरचा फोरमन आणि सुरुंग उडवणारा ब्लास्टर. मेटचं प्रमाणपत्र घेऊन कोळशातल्या सरदाराच्या जागेला अर्ज केला तर तो छाननीतच बाद होतो. त्यातही काही प्रमाणपत्रं फक्त उघड्या खाणीपुरती, म्हणजे ओपनकास्टपुरती मर्यादित असतात. जाहिरातीत "अनरिस्ट्रिक्टेड", म्हणजे अशी मर्यादा नसलेलं, लिहिलं असेल तर ती चालत नाहीत. अर्जाचं शुल्क भरण्याआधी आपल्या दाखल्यावरचा हा एक शब्द तपासा.

कोणाला कुठून वाट आहे

मायनिंगची पदवी असेल तर कोल इंडियाच्या मॅनेजमेंट ट्रेनी पदासाठी गेट या अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय परीक्षेचे गुण लागतात. मायनिंगच्या पेपरचा कोड एमएन. गेटचं गुणपत्रक तीन वर्षं वैध असतं, पण कंपनी जाहिरातीत विशिष्ट वर्षाचेच गुण मागू शकते. मागच्या वर्षीच्या गुणांवर विसंबून यंदाची परीक्षा न देणं ही हुशार मुलांचीही चूक होते. राज्यात मायनिंगची पदवी नागपूरच्या व्हीएनआयटीत घेता येते. भूविज्ञानात एमएस्सी केलेल्यांसाठी यूपीएससीची कंबाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षा आहे. मिनरल एक्स्प्लोरेशन अँड कन्सल्टन्सी लिमिटेड ही सरकारी कंपनीही नागपुरातच आहे.

मायनिंगच्या डिप्लोमावाल्यांसाठी मात्र मुंबईत एक जागा फार कामाची आहे आणि ती फार कमी जणांना ठाऊक असते. शीवला, व्ही. एन. पुरव मार्गावरच्या एटीआयच्या (ॲडव्हान्स्ड ट्रेनिंग इन्स्टिट्यूटच्या) आवारात पश्चिम विभागाचं बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंग आहे. केंद्राच्या नॅट्स पोर्टलवर नोंदणी केली की पदवी आणि डिप्लोमाधारकांच्या शिकाऊ जागा तिथे दिसतात. कोळसा खाणीतलं डिप्लोमानंतरचं एक वर्षाचं प्रत्यक्ष प्रशिक्षण, ज्याला सगळे पीडीपीटी म्हणतात, ते याच वाटेने मिळतं. हे वर्ष पदरात पडल्याशिवाय ओव्हरमनच्या प्रमाणपत्राची गोष्ट पुढे सरकत नाही. विद्यावेतन तुटपुंजं असतं, घर सोडून उमरेड किंवा वणीकडे राहावं लागतं, म्हणून मुलं हे टाळतात आणि थेट कायम नोकरीच्या मागे लागतात. माझं स्पष्ट मत आहे की डिप्लोमा झाल्या झाल्या हे वर्ष उरकून टाकावं. त्यानंतर उघडणाऱ्या जाहिरातींची संख्याच वेगळी असते.

आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन, फिटर, वेल्डर, डिझेल मेकॅनिक या ट्रेडना खाणीत कायम मागणी असते. कारण खाण म्हणजे शेवटी यंत्रं, पंप आणि माल वाहणारे पट्टे. त्यांच्यासाठी अप्रेंटिसशिप इंडियाचं पोर्टल वेगळं आहे. डंपर किंवा शॉवेल (खनिज उपसून भरणारं यंत्र) चालवायचा असेल तर अवजड वाहनाचा परवाना आधी काढा, आणि मुंबईत ट्रक चालवल्याचा अनुभव डंपरच्या अनुभवात धरला जाईल असं गृहीत धरू नका. फक्त दहावी झालेल्यांची सुरुवात बहुधा ठेकेदाराकडे होते. तिथेही वाट बंद नाही. आवश्यक तेवढा अनुभव झाला की डीजीएमएसची परीक्षा देता येते. सरदारपदासाठी गॅस टेस्टिंगचं आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्रही लागतं. प्रथमोपचाराचं सेंट जॉन ॲम्ब्युलन्सकडून मुंबईतच करून ठेवता येतं.

मुलींनाही हे क्षेत्र आता मोकळं आहे. जानेवारी २०१९ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून भूमिगत खाणीत तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या पदांवर महिलांना सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत, लेखी संमतीने काम करायला परवानगी दिली. उघड्या खाणीत संमतीने रात्रपाळीलाही. "खाणीत बाईला घेतच नाहीत" असं सांगून अर्ज भरू न देणारे नातेवाईक अजून भेटतात. त्यांना ही तारीख दाखवा.

अनुभवाचं पत्र: इथे सगळ्यात जास्त अर्ज मरतात

नवी मुंबईच्या बाजूच्या एका दगडखाणीत राबलेल्या एका तरुणाचं पत्र मी पाहिलं आहे. क्रशरवाल्याच्या लेटरहेडवर एवढंच होतं: "यांनी आमच्याकडे सुपरवायझर म्हणून समाधानकारक काम केले आहे." खाली मालकाची सही, वर रबरी शिक्का. तारखा नाहीत, खाणीचं नाव नाही. धुळीत काढलेली त्याची वर्षं कागदावर शून्य झाली, आणि तोवर खाणीचा मॅनेजर गावी निघून गेल्याने नवं पत्रही मिळेना.

दगडखाणही कायद्याच्या नजरेत खाणच असते, त्यामुळे तिथलं काम मुळातच फुकट नाही. पण पत्रात खाणीचं आणि मालकाचं नाव, खनिज कुठलं, खाण उघडी की भूमिगत, कामावर आल्याची आणि सोडल्याची तारीख आणि नेमकं काम काय केलं हे सगळं लागतं. ड्रिलिंग, ब्लास्टिंग, लोडिंग यांपैकी काय ते मोघम न ठेवता लिहून घ्यायचं. सही खाणीच्या मॅनेजरची हवी, खाली त्याच्या स्वतःच्या सक्षमता प्रमाणपत्राचा क्रमांक असला तर उत्तम. शिवाय खाणीच्या हजेरी आणि कामगार नोंदवहीत, ज्याला जुनी माणसं फॉर्म बी म्हणतात, तुमचं नाव आहे का हे नोकरीत असतानाच पाहून ठेवा. पडताळणीत पत्र आणि नोंदवही जुळली नाही तर पत्र खरं असूनही संशय तुमच्यावर येतो. विकत मिळणाऱ्या अनुभवपत्रांच्या वाटेला जाऊच नका. या प्रमाणपत्रावर पुढे दुसऱ्यांचे जीव अवलंबून असतात.

जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले

वेस्टर्न कोलफील्ड्स, मॉइल, कोल इंडिया हे केंद्राचे उपक्रम आहेत. राज्याच्या भरतीसाठी काढलेला दाखला तसाच जोडणं ही मुंबईतल्या उमेदवारांची फार नेहमीची चूक. ओबीसींना केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र लागतं आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्यातला विमुक्त-भटक्यांचा वेगळा प्रवर्ग केंद्राच्या नोकरीत नसतो; आपली जात केंद्राच्या कुठल्या यादीत आहे ते पाहून रकाना भरावा. मराठ्यांसाठीचं राज्याचं एसईबीसी प्रमाणपत्रही केंद्रात चालत नाही. तिथे मराठा उमेदवाराला निकषात बसत असेल तर ईडब्ल्यूएस म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातून अर्ज करता येतो.

ईडब्ल्यूएसचा निकष इथे नीट समजून घ्या. कुटुंबाचं आदल्या आर्थिक वर्षाचं एकूण उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, आणि त्यात पगार, शेती, धंदा सगळं धरतात. ओबीसीच्या क्रिमीलेअरच्या उत्पन्न-चाचणीत पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. दोन्हीकडे आकडा ८ लाखच असल्याने गोंधळ होतो. ईडब्ल्यूएसला मालमत्तेचीही अट आहे: ५ एकर किंवा जास्त शेतजमीन नको, १००० चौरस फूट किंवा त्याहून मोठा फ्लॅट नको. दिवा स्टेशनजवळच्या वन रूम किचनमध्ये राहणाऱ्याला ही अट आपल्याला लागू नाही असं वाटतं, पण गावाकडच्या सातबारावर वडिलांच्या नावे किती जमीन आहे हे त्याने पाहिलेलं नसतं.

या दाखल्यांचा अर्ज आपले सरकार पोर्टलवरून होतो. शहर जिल्ह्याचं जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टला जुन्या कस्टम हाउसमध्ये, उपनगरचं वांद्रे पूर्वेला. जाहिरात येण्याची वाट न पाहता नव्या आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच दाखल्यासाठी अर्ज करून ठेवा, कारण जून-जुलैत कॉलेज प्रवेशांची गर्दी उसळते.

नावाचंही पाहा. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांचं नाव गायब. क्रम उलटा असला तर सहसा निभावतं, स्पेलिंग बदललेलं असेल तर अडतं. अर्ज दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच भरा आणि आधार त्याला जुळवून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र सोबत ठेवावं.

तपासणी आणि रुजू होणं

निवड झाली की कामाला लागण्याआधी वैद्यकीय तपासणी होते. छातीचा एक्स-रे, फुप्फुसांची क्षमता, कान, डोळे आणि रंग ओळखणं, यावर भर असतो. रंगांधळेपणा आहे का, हे अनेकांना तिथेच पहिल्यांदा कळतं. अर्ज करण्याआधी जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे पाहून घेतलेलं बरं. या पहिल्या तपासणीच्या कागदाची प्रत जपून ठेवा. पुढे सिलिकोसिससारखा धुळीचा आजार झाला तर तुम्ही निरोगी फुप्फुसं घेऊन खाणीत उतरला होता याचा हाच पुरावा. नंतर १९६६ च्या नियमांप्रमाणे व्यावसायिक प्रशिक्षण असतं, आणि ते झाल्याशिवाय थेट कामावर पाठवणाऱ्या ठेकेदाराकडे थांबू नये. १८ वर्षांखालच्याला खाणीत कामगार म्हणून घेता येत नाही, त्यामुळे वयाचा पुरावा मूळ प्रतीत न्या.

पडताळणी नागपूरला असेल तर विदर्भ किंवा सेवाग्राम एक्स्प्रेसचं तिकीट आदल्या दिवशी पोहोचेल असं काढा. मूळ कागद, दोन संच झेरॉक्स आणि अर्जाची छापील प्रत एकाच फाइलमध्ये ठेवा.

ठेकेदाराकडे कोळशात लागणार असाल तर दोन गोष्टी विचारा: ठेकेदारी कामगारांसाठी कोल इंडियाच्या हाय पॉवर कमिटीने ठरवलेले मजुरीचे दर मिळणार का, आणि कोळसा खाण भविष्य निर्वाह निधीत खातं उघडणार का. उत्तर गुळमुळीत आलं तर लेखी मागा.

पैसे मागणारे

सरकारी कंपनीच्या नावाने नेमणूकपत्र देऊन "सिक्युरिटी डिपॉझिट" मागणारे मुंबईत भरपूर आहेत. या कंपन्या अर्जाचं शुल्क सोडून पैसे घेत नाहीत आणि तेही स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घेतात. दुसरा प्रकार जमिनीचा. प्रकल्पात जमीन गेलेल्यांना कोळसा कंपन्या धोरणानुसार नोकरी देतात, म्हणून "एवढी जमीन घ्या, नोकरी पक्की" असं सांगून चंद्रपुरातले सातबारे मुंबईत विकायला आणतात. ती नोकरी मूळ जमीनधारकाच्या पुनर्वसनासाठी आहे. त्यात पैसे अडकवू नका.

परदेशाचं वेड मोठं. ऑस्ट्रेलियातल्या खाणीतल्या पगाराचे आकडे ऐकून माणसं दागिने मोडतात. परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते आणि ती ई-मायग्रेट पोर्टलवर कोणालाही तपासता येते. सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी इतकी आहे. लाखांत मागणारा तिथेच उघडा पडतो. आखाती देशांसह १८ देशांसाठी ईसीआर पासपोर्टवाल्यांना, म्हणजे ज्यांच्या पासपोर्टवर परदेशी नोकरीआधी मंजुरीची अट असते त्यांना, प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी लागते. ते कार्यालय बीकेसीच्या विदेश भवनात आहे, तिथे जाऊन विचारायला पैसे पडत नाहीत. आणि डीजीएमएसचं प्रमाणपत्र ऑस्ट्रेलियात आपोआप चालत नाही. देखरेखीच्या वैधानिक पदांना तिथल्या राज्याचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. हे न सांगणारा एजंट बाकीचंही बरंच सांगत नसतो.

पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करा. जितका लवकर कराल, तितकी पैसे खात्यातच गोठवले जाण्याची शक्यता जास्त. व्हॉट्सॲपवरचं बोलणं, यूपीआयची पावती आणि ते बनावट पत्र डिलीट न करता पोलीस ठाण्यात घेऊन जा.